रिकामे पंधरा किलो

“बास, एवढंच?” दारावरच्या जवानानं विचारलं आणि गहिनीनाथांना उगाचच ओशाळल्यासारखं झालं. विचारण्यात तसं वावगं काही नव्हतं. मागंपुढं माणसं ट्रॉल्यांवर सामान रचून आत ढकलत होती, कुणाच्या ट्रॉलीवर पेढ्यांचे खोके, कुणाच्या ट्रॉलीवर झोपलेलं नातवंड, आणि हा एकटा म्हातारा खांद्याला एक रेक्झिनची पिशवी लावून उभा, तीही पोट खपाटीला गेलेली. जवानानं तिकीट पाहिलं, आधार कार्डावरचा चेहरा पाहिला, मग खरा चेहरा पाहिला आणि हातानंच जा म्हणाला. गहिनीनाथ आत गेले. पण ते ‘एवढंच’ त्यांच्याबरोबर आत आलं. उभी हयात एसटीत कंडक्टरकी केलेल्या माणसाला सामानाचा धसका असतो, सामान नसल्याचा नव्हे. तरीही शिर्डीजवळच्या काकडी विमानतळाच्या त्या गारेगार हॉलमध्ये पाऊल टाकताना त्यांना वाटलं, आपण काहीतरी घरी विसरून आलो. पिशवी चाचपली. दोन जोड कपडे, टॉवेल, बीपीच्या गोळ्या, चष्म्याचं घर. विसरण्यासारखं काही नव्हतंच.

विसरलं नव्हतं, काढून ठेवलं होतं. बायको, राही, असती तर तिनं जे जे बांधलं असतं ते सगळं त्यांनी मनानं आठवून आठवून बांधलं होतं, शेजारच्या मालनबाईंच्या मागं लागून काही करूनही घेतलं होतं, आणि मग पार्थचा फोन आला. पार्थ त्यांचा एकुलता एक; हैदराबादला कंपनीत लागला, तिथंच त्यानं लग्न केलं, तिथंच फ्लॅट घेतला. “अण्णा, काही म्हणजे काही आणायचं नाही,” तो म्हणाला, “इथं सगळं मिळतं.” आता यात रागावण्यासारखं काय आहे? पोरगा बापाच्या पाठीची काळजीच करत होता. पण गाठोडं सोडून एकेक वस्तू जागच्या जागी ठेवताना गहिनीनाथांना ते वाक्य वेगळंच ऐकू येत राहिलं. सगळं मिळतं म्हणजे तुमच्यावाचून काही अडलेलं नाही. तिकीट त्यानंच काढलं होतं, जायचं आणि आठवड्यानं परत यायचं, दोन्ही एका दमात काढली होती. तिकिटावर पंधरा किलो सामान लिहिलेलं होतं. पंधरा किलो म्हणजे केवढं तरी असतं. भरल्या गाडीत एखादी सीट रिकामी गेली की गहिनीनाथांना पूर्वी चुटपुट लागायची, तशी त्या पंधरा किलोंची त्यांना लागून राहिली होती.

आणि तिसगावच्या स्टँडवर पहाटेची गाडी पकडल्यापासून त्यांच्या तोंडात एक वाक्य घोळत होतं. ‘पार्थ, मी आता इकडंच राहू का?’ नगरला गाडी बदलताना त्यांनी ते ‘राहीन म्हणतो’ असं करून पाहिलं, मग ते फार हक्काचं वाटलं म्हणून पुन्हा ‘राहू का’ केलं. मग ‘राहू का’ फार लाचार वाटलं. कोल्हार येईपर्यंत त्यांनी त्याला ‘थोडे दिवस’ जोडले होते आणि राहात्याला उतरताना परत काढले होते. राही जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी पार्थचा फोन येतो. जेवलात का, तर जेवलो. तब्येत कशी, तर मजेत. मग थोडं हवापाण्याचं, आणि ठेवू का. ठेव. फोन ठेवला की ते घर असं काही गप्प बसायचं की गहिनीनाथ उठून उगाच नळ सोडायचे. पोराला त्रास नको म्हणून मजेत म्हणायची सवय लागली आणि ती सवय आता सुटेना. या आठवड्यात ते वाक्य बोलून झालं तर झालं. नाही तर परतीचं तिकीट, तेच घर, तोच नळ. एवढं त्यांना स्वच्छ दिसत होतं.

हॉलमध्ये ही गर्दी! चेन्नईचं विमान लेट, हैदराबादचं वेळेवर, आणि दोन्हीकडची माणसं एकाच दोरीच्या वळणात अडकलेली. काउंटरवरची एक मुलगी, छातीवरच्या पाटीवर नाव मोनिका, मधूनमधून बाहेर येऊन हैदराबादवाल्यांना एकीकडं काढत होती. ती पाठ वळवायची आणि माणसं पुन्हा एकमेकांत मिसळायची. जमिनीवर ठिकठिकाणी बॅगा आ वासून पडल्या होत्या. बायका गुडघ्यांवर बसून या बॅगेतल्या साड्या त्या बॅगेत कोंबत होत्या, नवरे वजनकाट्याजवळ उभे राहून आकडे ओरडत होते, आणि एक गृहस्थ तर अंगावरच्या शर्टावर दुसरा, त्यावर तिसरा चढवत घामाघूम झाले होते. खरं म्हणजे गहिनीनाथांना या रांगेचं कामच नव्हतं. पार्थनं बोर्डिंग पास मोबाईलवर पाठवला होता. सामान नाही ना अण्णा, मग काउंटरला जायचं नाही, सरळ आत जायचं, असं दोनदा समजावून सांगितलं होतं. पण सरळ आत जायची वाट मोकळी होती, अगदी ओकीबोकी, आणि रांगेत माणसं होती. गहिनीनाथ रांगेत जाऊन उभे राहिले.

हे कुणाला सांगण्यासारखं नाही, पण त्यांना गर्दी लागायची. पाथर्डी डेपोतून निघालेली गाडी तिसगावात येईस्तोवर गच्च व्हायची. त्या गाडीत तिकिटाची पेटी छातीशी धरून पुढून मागं आणि मागून पुढं सरकत त्यांचं आयुष्य गेलं. कुणाचा खांदा लागायचा, कुणाच्या फेट्याचं टोक तोंडावर यायचं, उभ्या बाईच्या कडेवरचं पोर त्यांची कॉलर धरायचं. ऊसतोडीच्या दिवसांत तर श्वास घ्यायचा तोही शेजारच्याला विचारून. तेव्हा वैताग यायचा. घरी येऊन ते राहीला म्हणायचे, आज अंगाला हात लावू नको बाई, दिवसभर निस्ती माणसंच लागलीत. आणि आता? निवृत्ती झाली, मग राही गेली, आणि एके दिवशी दाढी करताना त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला कुणाचाही स्पर्श होऊन किती दिवस झाले हे सांगता येत नाही. न्हावी असता तर निदान त्याचा हात लागला असता. त्या दिवसापासून ते दाढीला दुकानात जायला लागले. आताही मागच्या ट्रॉलीचा दांडा त्यांच्या पोटरीला टेकला, ढकलणारा सॉरी म्हणाला, आणि गहिनीनाथ म्हणाले, राहू द्या, राहू द्या.

ट्रॉली ढकलणारा परवेझ होता. नाव मागाहून कळलं. भिंगारचं कुटुंब. परवेझ, त्याची आई गौहरबी, आणि बहीण शिफा; शिफाच्या खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं तान्हं बाळ. बाळंतपणाला माहेरी आलेली, आता चाळीस दिवस सरून हैदराबादला सासरी पोचवायला निघालेले. माहेरहून बाळंतीण निघाली म्हणजे सामान किती असायचं हे काय सांगायला पाहिजे! परवेझनं बॅगा काट्यावर ठेवून पाहिल्या आणि तोंड कडू करून परत आला. एक आख्खी बॅग जास्त होत होती. जादा वजनाचे जे पैसे सांगत होते त्यात भिंगारहून इथवरच्या गाडीचं भाडं निघालं असतं, असं तो आईला दबक्या आवाजात सांगत होता. शिफा म्हणाली, माझे कपडे काढा. आई म्हणाली, तुझे कशाला, माझी चादर काढ. तिघं थोडा वेळ असे एकमेकांच्या वस्तू वाचवत राहिले. गहिनीनाथ पाठमोरे उभे राहून ऐकत होते. त्यांना हे सगळं एवढं ओळखीचं वाटत होतं की त्यांनी मान वळवली असती तर पार्थला होस्टेलवर पाठवणारी राहीच दिसली असती, डब्यावर डबा रचणारी, आणि ओझं कसलं होतंय त्यात म्हणणारी.

गौहरबींनी त्यांच्या पिशवीकडं पाहिलं. मग त्यांच्याकडं पाहिलं. मग पुन्हा पिशवीकडं.

“भाऊ, तुमचं सामान पुढं गेलं का?”

“न्हाई. एवढंच हाय.”

पुढचं बोलायला त्या बाईला जड जात होतं. गहिनीनाथांना मात्र ती काय बोलणार हे आधीच कळलं होतं. एसटीत हे रोजचं. स्टँडवर गाडी लागली की ज्याच्याकडं गाठोडी जास्त असतील तो ती वाटून टाकायचा. एक या म्हातारीच्या पायाशी, एक त्या मास्तरांच्या मांडीवर, एक पलीकडच्या सीटखाली. कंडक्टरनं विचारलंच तर आपलं म्हणा बरं का, असं म्हणायचीसुद्धा गरज नसायची. गहिनीनाथ पेटी घेऊन मागं यायचे, गाठोड्याला बुटाचं टोक लावून विचारायचे, हे कुणाचं? आणि आख्खी गाडी खिडकीबाहेर बघायला लागायची. मग कुणीतरी दुसरंच म्हणायचं, माझं हाय. दुसऱ्याचं ओझं आपलं म्हणायला आमच्याकडं कुणाला कधी लाज वाटली नाही. कधी ते लगेजचं तिकीट फाडायचे, कधी हसून पुढं जायचे. पण त्यांच्या मनात एक गोष्ट असायचीच. त्या वाटून घेतलेल्यांच्यात आपण कधीच नसायचो. कंडक्टरच्या मांडीवर कुणी गाठोडं ठेवत नाही.

“द्या की,” ते म्हणाले. बाईनं अजून मागितलंही नव्हतं. “माझे पंधरा किलो रिकामेच जायलेत.”

मग जो काही वेळ गेला तो वेळ गहिनीनाथांच्या गेल्या तीन वर्षांतला सगळ्यात भरलेला होता, आणि आपण आता जरा जास्तच हरखलोय हे कळूनही त्यांना आवरत नव्हतं. परवेझ काका म्हणायला लागला. काका, तुम्ही पुढं या. काका, पिशवी इकडं द्या, तुम्ही कशाला धरता. निळी बॅग त्यांच्या पायाशी आली. गौहरबींनी डब्यातला खजूर काढून हातावर ठेवला. दुसरी बॅग बांधायला दोघांचे हात लागायचे म्हणून शिफानं बाळ त्यांच्याकडं दिलं, विचारलंसुद्धा नाही, घरातल्या माणसाकडं देतात तसं दिलं. ते एवढंसं ऊन ऊन अंग हातात आलं आणि गहिनीनाथांना घाम फुटला. दुधाचा, तेलाचा आणि धुरीचा वास. त्यांनी बाळाकडं पाहिलं नाही, समोरच्या पाटीकडं पाहत राहिले, कारण बाळाकडं पाहिलं असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं आणि मग या माणसांना काय सांगायचं?

गौहरबी चौकशी करत होत्या. गाव कुठलं, तर तिसगाव. मुलगा काय करतो, तर कंपनीत आहे. नातवंडं? अजून नाही. आणि भाभी नाही आल्या? गहिनीनाथांनी सहज सांगितलं, घरी हाय. का सांगितलं देव जाणे. सांगितल्यावर जीभ चावावीशी वाटली, आणि त्याच वेळी बरंही वाटलं. तिसगावच्या त्या घरात आता कुणीतरी होतं. ती चुलीपुढं बसली होती आणि मनात म्हणत होती, एव्हाना पोचले असतील विमानापाशी. गहिनीनाथ रांगेबरोबर एकेक पाऊल पुढं सरकत होते आणि ते खोटं त्यांच्याबरोबर पुढं सरकत होतं. गौहरबी म्हणाल्या, एकट्या राहतील त्या? तर म्हणाले, सवय हाय तिला. यावर गौहरबींनी मान हलवली. बायकांना सवय करावीच लागते, म्हणाल्या. गहिनीनाथांना हसू आलं नाही.

काउंटरवर मोनिकानं थकल्या आवाजात ठरलेले प्रश्न विचारले. बॅग तुमचीच का? माझीच. तुम्ही स्वतः भरली? व्हय. दुसऱ्या कुणी काही दिलंय का न्यायला? या प्रश्नाला तिनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं, आणि मागं उभ्या असलेल्या परवेझकडंही पाहिलं असावं. गहिनीनाथांनी इतकी वर्षं ही नजर स्वतः वापरली होती. ती आता समोरून येताना कशी लागते हे त्यांना पहिल्यांदा कळलं. “न्हाई,” ते म्हणाले, “माझीच हाय.” बॅग पट्ट्यावर आडवी झाली. काट्यावर आकडा पंधराच्या अलीकडं थांबला. मोनिकानं त्यांच्या नावाची पट्टी बॅगेच्या मुठीला चिकटवली, तिचा तुकडा फाडून त्यांच्या हातात दिला, आणि निळी बॅग रबरी पडदा ढकलून आत गेली. परवेझनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. “काका, तिकडं उतरल्यावर थांबा हां आमच्यासाठी,” तो म्हणाला, “बॅग तुमच्या नावावर आहे.” गहिनीनाथ म्हणाले, थांबतो की, न थांबून जातो कुठं. पार्थ ऑफिसात असणार होता, गाडी बुक करून देणार होता, मोबाईलवर आलेला नंबर ड्रायव्हरला सांगायचा होता. म्हणजे हैदराबादला त्यांना शोधत येणारं माणूस परवेझ हेच पहिलं. त्यांनी तो तुकडा खिशात जपून ठेवला.

थोड्या वेळानं छतातल्या स्पीकरवर त्यांचं नाव आलं. संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, जराशा हिंदी वळणाचं. पहिल्या खेपेला त्यांना छानच वाटलं. आपलं आख्खं नाव कुणी उच्चारल्याला जमाना झाला होता. दुसऱ्या खेपेला बॅगेज तपासणी हे शब्द ऐकू आले. गौहरबींचा चेहरा उतरला. गहिनीनाथ म्हणाले, बसा तुमी, काय न्हाई, मी बघून येतो, आणि घरातला कर्ता पुरुष जसा उठतो तसे उठून गेले.

काउंटरच्या मागच्या बाजूला एक अरुंद खोली होती. टेबलावर निळी बॅग, टेबलामागं ड्युटीवरचे साहेब. बॅग तुमची का, त्यांनी विचारलं. गहिनीनाथ माझीच म्हणाले. साहेबांनी बॅगेवर हात ठेवला, उघडली नाही. आत काय काय आहे ते सांगा, म्हणाले.

आता इथं सुटायचं तर एकच वाट होती, माहीत नाही म्हणायचं. पण स्वतःच्या बॅगेत काय आहे ते माहीत नाही असं कसं म्हणायचं? गहिनीनाथ सांगायला लागले. बाजरीचं पीठ हाय, घरच्या बाजरीचं, चाळून. कुरडया हायेत, मालनबाईनं केलेल्या, डब्यात घालून वर कागद लावलाय, मोडत्यात म्हणून. शेंगदाण्याची चटणी, लसूण जास्तीची, माझ्या पोराला लागती तशी. हुलगे हायेत थोडे. एक गोधडी हाय, तिच्या आईच्या लुगड्याची... म्हंजी माझ्या बायकोच्या आईच्या, ती बायकोनं शिवल्याली, हैदराबादला थंडी नसती म्हणत्यात पण एसीत झोपत्यात ना पोरं. एक अडकित्ता. त्याचा उपयोग न्हाई तिकडं, पण असावा. गहिनीनाथ बोलत होते आणि ते सगळं त्यांना दिसत होतं, एकावर एक नीट रचलेलं, मऊ वस्तू कडेला, डबे मध्ये, राहीच्या पद्धतीनं. बोलता बोलता त्यांना इतकं बरं वाटायला लागलं की ते जरा लांबवायलाच लागले. मग साहेबांनी बॅगेची चेन ओढली.

झबली निघाली. टोपडी, लंगोट, दुपटी, एक एवढीशी मच्छरदाणी, ओव्याची पुडी, काजळाची डबी, बायकांचे दोन नवेकोरे ड्रेस, आणि तळाशी कापडात बांधलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या, बाळंतिणीच्या लाडवांसाठी दिलेल्या. मशीनला ते खोबरंच दिसलं होतं. सुकं खोबरं विमानात चालत नाही, तेल असतं, पेट घेतं, असं साहेबांनी सांगितलं. मग एक झबलं दोन बोटांत धरून वर केलं.

“ही कुरडई का?”

एवढं अपमानाचं गहिनीनाथांना कधी वाटलं नव्हतं, आणि तरी त्या अपमानात धरपकडीची भीती नव्हतीच. आपण घरी काय बांधून सोडलं होतं ते या परक्या माणसाला कळलं, याचीच शरम होती. दारात धावपळ झाली. परवेझ आला होता, मागं त्याची आई. पोरगा सरळ. त्यानं हात जोडले आणि सांगून टाकलं, साहेब, बॅग आमची आहे, वजन जास्त होत होतं, आम्हीच गळ घातली, या बाबांचा काही दोष नाही. साहेबांनी गहिनीनाथांकडं बोट केलं.

“हे कोण तुमचे?”

“कोणी नाहीत, साहेब,” परवेझ म्हणाला. “रांगेत भेटले.”

तो त्यांना वाचवत होता. हे गहिनीनाथांना अगदी स्वच्छ कळत होतं. त्या वेळी दुसरं कुठलंही उत्तर वाईट ठरलं असतं. आणि तरी छातीत कुणीतरी ढकलावं तसं झालं, भरल्या गाडीतून एकदम खाली उतरवल्यासारखं. पुढचं सगळं भराभर झालं. पट्टी फाडली, बॅग परवेझच्या नावावर गेली, पैसे भरले, खोबरं बाहेर राहिलं. साहेबांनी दोघांनाही फैलावर घेतलं. अनोळखी माणसाची बॅग स्वतःची म्हणणं म्हणजे काय, आत काहीही असू शकलं असतं, उद्या तुरुंगात बसला असता. परवेझ मान खाली घालून हो हो म्हणत होता. जाताना गौहरबी म्हणाल्या, भाऊ, माफ करा. काउंटरपाशी बाळ घेऊन उभ्या असलेल्या शिफानं इकडं पाहिलंच नाही. पाहिलं असतं तर काही झालं असतं, असंही नाही. ती माणसं आतल्या रांगेत मिसळली. त्यांना विमान गाठायचं होतं.

साहेबांनी गहिनीनाथांना खुर्ची दिली. वय पाहून त्यांचा आवाज खाली आला होता, पण सोडण्याआधी घरच्या कुणाशी तरी बोलणं भाग होतं. घरचं कोण आहे, फोन लावा. लावला. साहेबांनी स्पीकर सुरू करायला सांगितला. पार्थनं सगळं ऐकून घेतलं आणि चांगल्या स्वच्छ हिंदीत माफी मागायला सुरुवात केली. वय झालंय सर, त्यांना यातलं कळत नाही, पहिलाच विमानप्रवास, पुन्हा नाही होणार. मोबाईल गहिनीनाथांच्याच तळहातावर होता. शाळेत पार्थ मारामारी करून आला तेव्हा हेडमास्तरांपुढं त्यांनी असंच म्हटलं होतं, पोर लहान हाय, कळत न्हाई. साहेबांचं समाधान झालं. वहीत नोंदबिंद काही केली नाही. उठता उठता त्यांनी सहज, माणुसकीनंच, विचारलं:

“काका, तुमच्याबरोबर आज कोणीच नाही का?”

उत्तर एका शब्दाचं होतं. पण तो शब्द बाहेर पडला आणि त्याच्यामागून दुसरे यायला लागले.

“न्हाई साहेब. एकटाच हाय मी. बायको गेल्यापासून एकटाच हाय. घरात सांजच्याला बोलायला कोणी न्हाई. त्या पोरानं काका म्हटलं, लेकरू हातात दिलं... म्हणून घेतली बॅग. माझ्यानं तिकडं ऱ्हावत न्हाई आता.”

साहेबांनी मोबाईलकडं पाहिलं. फोन चालूच होता. ते दाराबाहेर जाऊन उभे राहिले. गहिनीनाथांनीही मग पाहिलं. काचेवर पार्थचं नाव आणि पुढं सरकणारे आकडे. तिसगावपासून घोळवलेलं वाक्य त्यांनी तोंडात शोधलं, ते तिथं नव्हतं. आता सवयीनं हसून म्हणता आलं असतं, काय न्हाई रे, मजेत हाय, साहेबांपुढं आपलं बोललो. त्यांनी ते म्हटलं नाही.

“अण्णा,” पार्थ म्हणाला. आवाज अगदी लहान झाला होता. “मला माहीत होतं.”

“काय माहीत हुतं?”

“तुम्ही मजेत नाही ते.”

गहिनीनाथांना राग आला. इतक्या वर्षांत पोराचा असा राग त्यांना आला नव्हता, कानशिलं तापली. रोज संध्याकाळी फोनची वाट पाहायची, वाजला की घसा खाकरून आवाज नीट करायचा, अर्धी भाकरी खाल्लेली असली तरी पोटभर जेवलो म्हणायचं, ही सगळी मेहनत कुणासाठी केली? आणि पलीकडच्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

“मग इचारलं का न्हाईस कधी?”

बाहेर हॉलमध्ये हैदराबादच्या प्रवाशांना शेवटचं बोलावणं चाललं होतं.

“खरं विचारलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं, अण्णा,” पार्थ म्हणाला. “मग मला काहीतरी करावं लागलं असतं.”

हे गहिनीनाथांना समजलं. नको इतकं समजलं. भरलेली गाडी असली आणि पुढच्या फाट्यावर कुणी हात करून उभं असलं, की ड्रायव्हर सरळ रस्त्याकडं बघतो आणि कंडक्टर पैसे मोजायला लागतो. डोळ्याला डोळा भिडू द्यायचा नाही. भिडला की बेल मारावी लागते. त्यात दुष्टावा नसतो, गाडी खरंच भरलेली असते. त्यांचा राग उतरला नाही, पण पोराचा आवाज ऐकून त्याची कीवही आली, आणि दोन्ही एकाच वेळी होत राहिलं. उन्हात हात करून उभा राहिलेला माणूस गाडी गेल्यावर काय करतो, हे मात्र त्यांनी कधी मागं वळून पाहिलं नव्हतं. ते उठले. रेक्झिनची पिशवी खांद्याला लावली. फोन तोंडाजवळ धरला.

“मग आता कर,” ते म्हणाले.